पाली नालंदेला कशी पोचली

सातव्या शतकात एखादा तरुण पाली शिकायची म्हणून नालंदेच्या दाराशी उभा राहिला असता, तर तिथल्या द्वारपंडिताने त्याला बहुधा सिंहलद्वीपाची वाट दाखवली असती. ह्युएनत्संगाने लिहून ठेवले आहे की बाहेरून येणाऱ्यांची परीक्षा दारातच होई आणि दहातले सात-आठ जण तिथूनच माघारी फिरत. आत शिकवले जाई ते मुख्यतः महायान, आणि तेही संस्कृतातून. अठरा निकायांचे ग्रंथ होते, हेतुविद्या होती, व्याकरण आणि वैद्यकही होते. पण ज्याला आज आपण पाली त्रिपिटक म्हणतो, त्याचे घर तेव्हाही समुद्रापलीकडे लंकेत होते.

हे आरंभीच सांगायचे कारण असे, की नव नालंदा महाविहाराविषयी लिहिणारे बरेच जण पहिल्या परिच्छेदात जुन्या ग्रंथालयाची राख उकरतात आणि दुसऱ्यात 'त्याच परंपरेचा वारसा' म्हणत थेट १९५१ सालात उतरतात. उडी सोयीची आहे, पण तिच्यात खरी गोष्ट निसटते. पाली इथे परतलेली नाही. ती इथे नव्याने आली. कोलंबोहून आली, रंगूनहून आली, काशीहून आली, आणि थोडी पुण्याहूनही आली. मराठी वाचकाने हे पुस्तक हाती घ्यावे याचे माझ्या मते मुख्य कारण तेच आहे. महाविहाराचा इतिहास, अभ्यासक्रम आणि प्रकाशने पुढच्या प्रकरणांत क्रमाने आली आहेत, ती मी इथे पुन्हा सांगत नाही. पाली विद्यापीठ उभे राहायला काय लागते, एवढ्याच प्रश्नाला मी हात घालणार आहे. माझे उत्तर असे: आधी वाचता येईल असा छापील ग्रंथ लागतो, मग तो ओळीने वाचून घेणारा शिक्षक लागतो. इमारतीचा नंबर तिसरा.

जुन्या नालंदेचा शेवट आपल्याला एका आगीत झालेला आठवतो. प्रत्यक्षात तो थोडा रेंगाळला. १२३५ च्या सुमारास धर्मस्वामी हा तिबेटी विद्यार्थी तिथे पोचला तेव्हा बहुतेक विहार ओस पडले होते, तरी नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र सत्तरेक विद्यार्थ्यांना शिकवत बसलेले होते. शिकवत होते संस्कृत व्याकरण. सैन्य येत असल्याची बातमी आली, सगळे पळाले, आणि धर्मस्वामीने म्हाताऱ्या गुरूला पाठीवर घेऊन एका देवळात नेऊन लपवले. त्यानंतर नालंदेचे नाव गावकऱ्यांच्या तोंडून गेले. मूर्ती मात्र राहिल्या. अवशेषांजवळच्या एका काळ्या दगडी बुद्धाला आसपासचे लोक तेलिया भैरव म्हणत तेल वाहत आले आहेत. लेण्याद्रीला बौद्ध विहारात बसलेल्या गणपतीचे दर्शन घेणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये.

आता पालीकडे वळू. या भाषेला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहली भिक्खूंनी ती सिंहली लिपीत लिहिली, ब्रह्मदेशात ती बर्मी लिपीत लिहिली गेली, सयामात खमेर आणि मग थाई लिपीत. मंडालेला राजा मिंडोनने सगळे त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले. सयामच्या राजाने १८९३ मध्ये ३९ खंड छापून जगभरच्या ग्रंथालयांना वाटले. लंडनला १८८१ मध्ये ऱ्हीस डेव्हिड्स यांनी पाली टेक्स्ट सोसायटी काढली आणि युरोपातल्या अभ्यासकांसाठी रोमन लिपीतली पाली छापू लागली. ज्या देशात हे सारे बोलले गेले त्या देशातल्या माणसाने मूळ वाचायचे म्हटले, तर त्याला आधी परक्या लिपीचा धडा गिरवणे भाग होते. एकोणिसावे शतक संपता संपता गोव्यातल्या साखवाळ गावात नारळीच्या बागेची देखभाल करणाऱ्या एका तरुणाच्या वाट्याला नेमके हेच आले.

धर्मानंद कोसंबी यांचा बुद्धाशी पहिला परिचय 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातून झाला. १८९९ मध्ये ते घर सोडून निघाले ते पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे भटकत १९०२ मध्ये लंकेला पोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी त्यांची दीक्षा झाली आणि तिथे ते सिंहली लिपीतून पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशात गेले, तिथे बर्मी लिपी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकलेल्या या माणसाने पालीसाठी जो खटाटोप केला, तो 'निवेदन' या आत्मचरित्रात वाचण्यासारखा आहे. त्यात आत्मगौरव शोधून सापडत नाही. एका गावाहून दुसऱ्या गावी कसे गेलो, कुणी पैसे दिले, कुणी नाही, पोट कधी बिघडले, असा तो कोरडा हिशेब आहे, आणि म्हणूनच तो पटतो.

परत आल्यावर त्यांनी केलेले काम आज आपण गृहीत धरतो. कलकत्त्याला त्यांनी पाली शिकवली. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पाली यावी म्हणून रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी वजन खर्च केले, त्यामागे कोसंबींचा आग्रह होता. सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपये देऊ केले. हार्वर्डला त्यांनी 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनाला हात घातला. तिथे पटले नाही तेव्हा ते परतले, आणि १९१२ ते १९१८ अशी सहा वर्षे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत राहिले. हार्वर्डची रोमन प्रत निघायला १९५० उजाडले. तोवर कोसंबी वारलेही होते. पण त्यांनी स्वतः तयार केलेली 'विसुद्धिमग्गा'ची देवनागरी प्रत मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने १९४० मध्येच काढलेली होती.

त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची नावे पाहिली की पुण्याहून काय गेले ते कळते. पु. वि. बापट हे त्यांचे विद्यार्थी. १९५६ च्या बुद्धजयंतीनिमित्त भारत सरकारने काढलेल्या अडीच हजार वर्षांच्या बौद्ध धर्मावरील ग्रंथाचे संपादक तेच. ना. के. भागवत मुंबईला गेले आणि त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या देवनागरी पाली ग्रंथमालेत एकामागून एक पुस्तके काढली. तिसरे नाव वाचकाला चकित करील: चिं. वि. जोशी. चिमणराव आणि गुंड्याभाऊंचा हा जनक बडोद्याला पालीचा प्राध्यापक होता, त्याने इंग्रजीत पालीचे पाठ्यपुस्तक लिहिले आणि जातककथा मराठीत आणल्या. चिमणरावाच्या भाबडेपणात जातकांतल्या फजित होणाऱ्या पात्रांचा अंश असावा असे मला नेहमी वाटत आले आहे. पुरावा विचाराल तर नाही.

लंकेत शिकून येण्याची ही वाट पुढे बिहार आणि संयुक्त प्रांतातल्या तरुणांनी धरली. राहुल सांकृत्यायन विद्यालंकार परिवेणात गेले, मागोमाग आनंद कौसल्यायन, आणि १९३३ मध्ये रांचीचा एक पंचविशीतला तरुण. काशी हिंदू विश्वविद्यालयातून तत्त्वज्ञान आणि संस्कृतात एम. ए. झालेला हा तरुण १९३४ मध्ये भिक्खू झाला आणि जगदीश काश्यप या नावाने परतला. राहुलजींबरोबर त्याने 'दीघनिकाय' हिंदीत आणला, 'मिलिंदपञ्हो' हिंदीत आणला, पालीचे मोठे व्याकरण लिहिले, आणि पुढे काशीलाच पाली शिकवू लागला. देहाने अवाढव्य, स्वभावाने संथ. काशीला त्यांच्यापाशी पाली, अभिधम्म आणि तर्कशास्त्र शिकायला आलेला एक इंग्रज भिक्खू होता, संघरक्षित. काश्यपांनी त्याला १९५० मध्ये कालिंपोंगला नेले आणि इथे राहून काम कर असे सांगून तिथेच सोडले. हाच माणूस ६ डिसेंबर १९५६ ला नागपुरात होता, आणि बाबासाहेबांच्या निधनाने सुन्न झालेल्या सभांतून बोलत होता. धागे कुठून कुठे जातात ते पाहा.

स्वातंत्र्यानंतर बिहार सरकारने एक चांगली गोष्ट केली. दरभंग्याला संस्कृत, नालंदेला पाली आणि वैशालीला प्राकृत, अशी ज्या त्या भूमीला शोभेल ती विद्या वाटून संशोधनसंस्था काढल्या. नालंदेची जबाबदारी काश्यपांकडे आली. २० नोव्हेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी कोनशिला बसवली. जमीन मिळाली ती इस्लामपूरच्या मुसलमान जमीनदारांकडून, ११ एकर, जुन्या अवशेषांजवळ, इंद्रपुष्करणी तळ्याच्या काठी. नालंदा म्हटले की बख्तियार खिलजीचे नाव घेणाऱ्यांनी हे दानपत्रही लक्षात ठेवावे. इमारत तयार होऊन तिचे उद्‌घाटन व्हायला १९५६ चा मार्च आला. पण वर्ग तिच्यासाठी थांबले नव्हते. काश्यप आसपासच्या गावांतून हिंडत, लोकांशी मगहीत बोलत. बाहेरदेशीचे भिक्खू शिकायला येऊ लागले. जी पाली त्यांच्या देशांनी सांभाळून ठेवली, ती शिकायला ते मगधात येत होते, आणि शिकवणारा त्यांच्याच परंपरेत, लंकेत तयार झालेला होता.

आणि मग ग्रंथ. १९५६ ते १९६१ या काळात काश्यपांच्या मुख्य संपादनाखाली सगळे पाली त्रिपिटक देवनागरीत छापून निघाले, ४१ खंडांत. रंगूनला नुकत्याच झालेल्या सहाव्या संगीतीची प्रत मुख्य आधाराला, आणि जोडीला सिंहली, सयामी आणि रोमन प्रती. छपाई काशीला. आजच्या संगणकाच्या दिवसांत यातला घाम कळणे कठीण आहे. चार लिप्यांतल्या प्रती समोर ठेवून शब्द पडताळायचे, ते देवनागरीत उतरवायचे, खिळे जुळवणाऱ्यांना 'ञ्ञ' आणि 'ळ्ह' अशी अक्षरे हजारो वेळा बसवायला लावायची, मुद्रिते तपासायची, आणि हे सारे सहा वर्षांत, सरकारी मंडळाच्या अनुदानावर.

यातला एखादा खंड उघडून बघा. 'महावग्ग' घ्या, विनयपिटकातला. मजकूर सुरू होतो तो उरुवेलेला, नेरंजरा नदीच्या काठी, नुकताच बुद्ध झालेला माणूस झाडाखाली बसला आहे तिथून. पानाच्या कडेला बारीक आकडे दिसतील. बर्मी आणि रोमन छापील प्रतीत हा मजकूर कितव्या पानावर आहे ते त्यावरून कळते. तळाशी पाठभेद: 'सी०' म्हणजे सिंहली प्रत, 'स्या०' म्हणजे स्यामी, 'रो०' म्हणजे रोमन, 'म०' म्हणजे मरम्म, अर्थात बर्मी. या चार खुणा समजल्या की वाचकाच्या लक्षात येते की एकाच वचनाचे चार देशांनी चार वाटांनी जतन केले आणि फरक पडला तो बहुतेक जागी एखाद्या अक्षराचा. संपादकांनी परिच्छेद पाडले, मथळे दिले, विरामचिन्हे घातली. जुन्या पोथ्यांत यातले काही नसते. शुद्धतावाद्यांनी त्यावर नाक मुरडले तरी चालेल. नवख्या विद्यार्थ्याला या मथळ्यांनीच तारले आहे.

नवखा विद्यार्थी पहिल्यांदा अडखळतो तो मात्र 'पे०' या खुणेपाशी. पाली सुत्तांत तीच वाक्ये पुनःपुन्हा येतात, कारण ती पाठ करण्यासाठी रचलेली आहेत. लिहिताना मधला मजकूर गाळून तिथे 'पे०' घालतात. म्हणजे 'वर आले ते इथे पुन्हा म्हणा'. ज्याला वरचे पाठ आहे त्याला अडचण नाही. ज्याला नाही, तो पाने मागे-पुढे करत बसतो. पाली शिकवणारा शिक्षक लागतो तो इथे. तो विद्यार्थ्याला गाळलेला मजकूर तोंडाने भरायला लावतो, आणि दोन-तीन महिन्यांत विद्यार्थ्याचे डोळे न अडता धावू लागतात. मार्गदर्शके वाचून हे जमत नाही.

पहिला खंड निघाला ते १९५६ साल. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो मराठी माणसांनी बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली. या दोन गोष्टी एकमेकींसाठी घडलेल्या नाहीत. पण त्यांची गाठ पडायला हवी होती, आणि ती पुरती पडली नाही, ही माझी खंत आहे. बाबासाहेबांना स्वतःला पालीची निकड पक्की ठाऊक होती. त्यांनी तयार केलेले पालीचे व्याकरण आणि कोश महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात छापले आहेत. आनंद कौसल्यायन आधी वर्ध्याला राष्ट्रभाषेच्या कामात आणि आयुष्याच्या उत्तरार्धात नागपुरात राहिले. बाबासाहेबांच्या शेवटच्या ग्रंथाचे हिंदी भाषांतर करताना त्यांनी मूळ पाली आधार शोधून काढले. १९८८ मध्ये ते नागपुरातच गेले.

२०११ च्या जनगणनेत भारतात ८४ लाख बौद्ध होते, त्यांतले ६५ लाख महाराष्ट्रात. या घरांतून त्रिसरण आणि पंचशील रोज पालीत म्हटले जाते. लग्नात, नामकरणात, अंत्यविधीत पाली आहे. भारतात पाली इतक्या तोंडांत दुसरीकडे कुठेही नाही. आणि तरीही आपल्याकडे महाविद्यालयात पाली घेणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो 'गुण पडतात ना?' असा. पडतात. त्यातच घोटाळा आहे. बाजारातल्या मार्गदर्शकातून पंधरा प्रश्न पाठ करून शेकड्यात ऐंशी मिळवलेला पदवीधर आणि 'धम्मपदा'ची चार गाथा स्वतः लावू शकणारा वाचक, या दोघांत जे अंतर आहे ते भरून काढणे हे पाली विद्यापीठाचे काम. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून २०१३ मध्ये पाली साहित्य हा विषय काढला तेव्हा निषेध झाला, तो योग्यच होता. पण निषेधाच्या पत्रकांत परीक्षेची चर्चा जितकी होती तितकी ग्रंथांची नव्हती. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी आणि पाली या दोघींना एकाच बैठकीत अभिजात दर्जा दिला. मराठीसाठी पेढे वाटले गेले. पालीची बातमी शेवटच्या ओळीत आली.

इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाचा उल्लेख इथे करायलाच हवा. नालंदेच्या खंडांनंतर तीन-चार दशकांनी तिथून अट्ठकथा-टीकांसह १४० ग्रंथ देवनागरीत निघाले आणि पुढे ते संगणकावरही आले. म्हणजे देवनागरी त्रिपिटकाच्या दोन मोठ्या आवृत्तींपैकी एक महाराष्ट्रातच तयार झाली आहे. अभ्यासकाने दोन्ही जवळ ठेवाव्यात. शोधायला इगतपुरीची, पाठभेद पाहायला नालंदेची.

आता महाविहाराची आजची स्थिती थोडक्यात. १९९४ मध्ये तो केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाकडे गेला, २००६ मध्ये अभिमत विद्यापीठ झाला. पालीबरोबर बौद्ध अध्ययन, तत्त्वज्ञान, प्राचीन इतिहास, संस्कृत, तिबेटी असे विभाग आहेत. ह्युएनत्संगाचे स्मारकही इथलेच. त्याच्या अस्थी दलाई लामांच्या हस्ते नेहरूंकडे आल्या त्या १९५७ मध्ये, आणि स्मारकभवन लोकांना खुले झाले २००७ मध्ये. आपल्याकडचा सरकारी वेग यावरून मोजावा. आणखी एक खुलासा, कारण विद्यार्थी दरवर्षी इथे चुकतात: राजगीरचे नालंदा विश्वविद्यालय वेगळे. ते २०१० च्या कायद्याने स्थापन झाले, २०१४ मध्ये तिथे वर्ग सुरू झाले, आणि वर्तमानपत्रांत झळकते ते त्याचे नवे संकुल. ते दहा-बारा किलोमीटर पलीकडे आहे. अर्ज भरण्याआधी आपल्याला कुठे जायचे आहे ते बघून घ्यावे.

काश्यप २८ जानेवारी १९७६ ला राजगीरला वारले. त्यांच्यामागे महाविहाराने अट्ठकथांचे देवनागरी खंड काढले, ते कामही मोलाचे आहे. पण विभाग वाढले की मूळ काम पातळ होते, हा सगळ्याच विद्यापीठांचा अनुभव आहे आणि नालंदा त्याला अपवाद राहील असे मानायचे कारण नाही. माझ्या लेखी या संस्थेची कसोटी साधी आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यापुढे न शिकवलेले एक पान ठेवावे आणि त्याला वाचायला सांगावे. ज्या वर्षी दहा जण ते वाचतील ते वर्ष चांगले गेले असे समजावे. परिसंवाद किती झाले, स्मरणिका किती निघाल्या, याचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवावा.

हीच कसोटी महाराष्ट्रातल्या पाली विभागांनाही लावता येईल, आणि आपल्यावर ती अधिक कडकपणे लावावी, कारण आपल्याला लिपी शिकावी लागत नाही. कोसंबींची वर्षे ज्यात गेली ते आपल्याला पाचव्या वर्षीच बालवाडीत मिळते.

म्हणून हे पुस्तक वाचून झाल्यावर वाचकाने एक काम करावे अशी माझी विनंती आहे. आपल्या गावातल्या किंवा जवळच्या शहरातल्या जुन्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन नालंदा त्रिपिटकाचे खंड आहेत का ते विचारावे. असतील तर 'महावग्ग' मागावा. यादीत असून जागेवर नसेल, तर ग्रंथपालांना शोधायला लावावे. संच अपुरा असेल, तर कोणते खंड नाहीत ते लिहून प्राचार्यांकडे लेखी मागणी द्यावी, आणि एकट्याने न देता चार जणांच्या सह्यांनी द्यावी.